खुणांचा वारसा : निवासी कर्णबधिर शाळांच्या इतिहासजतनाचा एक अभ्यास

शाळेची स्मरणिका म्हणजे त्या शाळेने स्वतःविषयी मागे ठेवलेला पुरावा होय. संस्थापकांची छायाचित्रे, मुख्याध्यापकांची कारकीर्द, निकालाची टक्केवारी, देणगीदारांची यादी आणि माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी यांतून पुढील पिढीला शाळेची ओळख होते. प्रस्तुत लेखात मात्र आम्ही अशा शाळांचा विचार करणार आहोत, ज्यांच्या वारशाचा सर्वांत मोलाचा भाग छापील पानांवर मावतच नाही. या शाळा म्हणजे कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळा.

आपल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत हा विषय का, असे वाचक विचारतील. त्याची कारणे दोन. घरापासून दूर राहून शिकणे म्हणजे काय, हे आपल्या माजी विद्यार्थ्यांना पुस्तकातून समजावून सांगावे लागत नाही. वसतिगृह माणसाला दुसऱ्यांदा जन्म देते, हा त्यांचा अनुभव आहे. दुसरे कारण असे की, कर्णबधिर मुले आपल्याही वस्त्यांत, आपल्याही नात्यागोत्यात आहेत. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या देशभरात ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. सोलापूर शहरात व जिल्ह्यात त्यांच्यासाठी शाळा चालतात. त्यांच्या इतिहासाचे काय होते, हा प्रश्न त्यामुळे आपल्याही अंगणातला आहे.

१. 'मूक' या शब्दाविषयी

अभ्यासाची सुरुवात शब्दापासून करू. आपल्याकडे या शाळांना दीर्घकाळ 'मूकबधिर विद्यालय' म्हटले गेले. अनेक पाट्यांवर आजही तेच नाव आहे. बधिर म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो, आणि मूक म्हणजे ज्याला बोलता येत नाही तो. पहिल्या गोष्टीतून दुसरी आपोआप येते, असे समाजाने गृहीत धरले. वस्तुतः बहुसंख्य कर्णबधिर मुलांच्या कंठात काहीही दोष नसतो. भाषा कानावर न पडल्यामुळे ती उच्चारता येत नाही, एवढेच. हातांच्या, चेहऱ्याच्या आणि नजरेच्या साहाय्याने ही मुले भांडतात, थट्टा करतात, गोष्टी सांगतात. म्हणून आज 'कर्णबधिर' हा शब्द रूढ होत आहे आणि तो अधिक अचूक आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. ज्या समाजासाठी ते निघाले, तो समाज काही वाचाहीन नव्हता. त्याच्याकडे ओव्या होत्या, जलसे होते, दुःख सांगणारी सामर्थ्यशाली बोली होती. नव्हते ते त्याचे म्हणणे ऐकून घेणारे व्यासपीठ. ज्याचे म्हणणे आपल्याला कळत नाही त्याला मुका ठरविणे, ही प्रबळांची जुनी सवय आहे. कर्णबधिरांचा आणि अस्पृश्यतेचा प्रश्न एक नव्हे. दोहोंची कारणे निराळी, वेदनाही निराळ्या. परंतु हा शब्द दोघांच्याही इतिहासात कसा वापरला गेला, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे.

२. शाळांचा आरंभ आणि मिलानचा ठराव

युरोपात अठराव्या शतकात पॅरिस येथे आबे द लेपे या धर्मगुरूंनी कर्णबधिर मुलांसाठी शाळा चालविली. मुलांच्या स्वतःच्या खुणांना त्यांनी अध्यापनात स्थान दिले. त्या शाळेच्या परंपरेत घडलेले लॉरां क्लेर्क हे स्वतः कर्णबधिर होते. ते थॉमस गॅलोडेट यांच्याबरोबर अमेरिकेला गेले आणि १८१७ मध्ये हार्टफर्ड येथे कर्णबधिरांची शाळा सुरू झाली. निरनिराळ्या गावांतून आलेल्या मुलांच्या खुणा आणि क्लेर्क यांनी आणलेली फ्रेंच सांकेतिक भाषा यांच्या मिश्रणातून अमेरिकी सांकेतिक भाषा आकाराला आली. एका निवासी शाळेतून एका भाषेचा वंश चालू झाला तो असा.

या वाटचालीला १८८० साली मोठा धक्का बसला. इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सांकेतिक भाषेपेक्षा वाचिक पद्धती, म्हणजे ओठ वाचणे आणि उच्चार शिकणे, श्रेष्ठ होय, असा ठराव तेथे झाला. एकशे चौसष्ट प्रतिनिधींमध्ये कर्णबधिर प्रतिनिधी केवळ एक होता, असे नोंदले गेले आहे. ज्यांच्या भाषेचा निवाडा होत होता, ते सभागृहात जवळजवळ नव्हतेच. त्यानंतर अनेक देशांतील वर्गांतून खुणा हद्दपार झाल्या आणि खुणा केल्याबद्दल मुलांना शिक्षा होऊ लागल्या. या परंपरेतील व्हँकूवर येथे भरलेल्या परिषदेने मिलानचे ठराव फेटाळून खेद व्यक्त केला, तो २०१० साली. म्हणजे एकशे तीस वर्षांनंतर.

आपल्या देशातील शाळा नेमक्या याच काळात सुरू झाल्या. मुंबईत रोमन कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने १८८५ च्या सुमारास कर्णबधिरांची संस्था स्थापन झाली. भारतातील या क्षेत्रातील पहिली शाळा म्हणून तिचा उल्लेख होतो. पाठोपाठ १८९३ मध्ये कलकत्त्यात शाळा निघाली आणि त्याच दशकात दक्षिणेत पाळयंकोट्टै येथे फ्लॉरेन्स स्वेन्सन यांनी कार्य आरंभिले. मिलाननंतरच्या वाऱ्यात जन्मलेल्या या व्यवस्थेत वर्गातील अधिकृत पद्धती मुख्यतः वाचिकच राहिली. फळ्यावर अक्षर, समोर आरसा, शिक्षकाच्या ओठांकडे लागलेली नजर आणि गळ्यावर हात ठेवून जाणवणारे कंपन, हे त्या वर्गाचे चित्र होते.

३. वसतिगृहात घडलेली भाषा

वर्ग सुटल्यानंतर काय घडत होते? या वारशाचा गाभा त्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

बहुसंख्य कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. इतर समाजांत भाषा, गाणी, म्हणी आणि नात्यांची नावे आईबापांकडून मुलांकडे येतात. कर्णबधिर मुलाच्या बाबतीत घरी ही देवाणघेवाण अडते. घरात चार-दोन कामचलाऊ खुणा असतात. जेव, झोप, चल, नको, एवढ्यापुरत्या. असे मूल सहा-सात वर्षांचे होऊन वसतिगृहात येते, तेव्हा त्याला प्रथमच आपल्यासारखी मुले भेटतात. मोठी मुले लहानांना खुणा शिकवितात. पंगतीत, नळावर, मैदानात आणि दिवे मालवण्यापूर्वीच्या खोलीत ही भाषा हातोहात पुढे जाते. हातोहात हा शब्द येथे अक्षरशः खरा आहे.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या देशाचे आहे. तेथे १९७० च्या दशकापर्यंत कर्णबधिर मुले आपापल्या घरांत विखुरलेली होती. १९७७ मध्ये मानाग्वा शहरात विशेष शाळा सुरू झाली, पुढे व्यवसायशिक्षणाची शाळा निघाली, आणि १९८३ पर्यंत दोन्ही शाळांत मिळून चारशेहून अधिक मुले एकत्र आली. शिक्षक त्यांना ओष्ठवाचनाने स्पॅनिश शिकवू पाहत होते; त्यात फारसे यश येत नव्हते. मुलांनी मात्र मैदानात आणि बसच्या प्रवासात आपापल्या घरच्या खुणा एकत्र करून नवी भाषा घडविली. त्यांच्यामागून आलेल्या लहान मुलांनी तिला अधिक नियमबद्ध केले. १९८६ मध्ये भाषाशास्त्रज्ञ ज्युडी केगल तेथे पोहोचल्या, तेव्हा त्यांना एका नव्या भाषेचा जन्म जणू डोळ्यांसमोर पाहावयास मिळाला. ती भाषा कोणत्याही शिक्षकाने शिकविलेली नव्हती. मुले एकत्र राहिली, म्हणून ती जन्मली.

भारतातही १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगळूर येथील कर्णबधिरांच्या खुणांचे संकलन केले. वसिष्ठ यांनी स्वतः वयाच्या अकराव्या वर्षी श्रवणशक्ती गमावली होती. बोलल्या जाणाऱ्या भाषा शहरागणिक वेगळ्या असूनही या खुणांत मोठे साम्य होते, आणि जिला अनेकजण नुसते हातवारे समजत होते ती व्याकरण असलेली भाषा आहे, हे या अभ्यासांतून पुढे आले.

सोलापूरकरांना ही गोष्ट चटकन उमगावी. आपल्या शहरात पूर्वभागातल्या यंत्रमागाच्या घरात तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटच्या वाटेवर कन्नड, कुठे दखनी उर्दू, तर इतरत्र मराठी. अशा चार घरांतली चार कर्णबधिर मुले एका वर्गात आली तर काय होईल, याचा विचार करावा. वर्गात मराठी ओठांवरून वाचावयाची आणि सुट्टीत घरी गेल्यावर आईचे ओठ तेलुगूत हलणार! ओष्ठवाचनाची अर्धी मेहनत तेथेच वाया जाते. खुणांच्या भाषेत मात्र ती चारही मुले एकमेकांशी त्याच दिवशी बोलू लागतात. जात, धर्म, मातृभाषा या सर्व भिंती ओलांडणारी अशी भाषा दुसऱ्या कोणत्या शाळेत आपोआप तयार होते?

या भाषेत नावेही असतात. मुलाचे कागदोपत्री नाव बाजूला राहते आणि हनुवटीवरची खूण, केसांची बट, चालण्याची ढब किंवा एखादी खोड यांवरून त्याला सांकेतिक नाव मिळते. शिक्षकांनाही अशी नावे मिळतात; पुष्कळदा त्यांना ती ठाऊकच नसतात. कर्णबधिर माणूस हे नाव म्हातारपणापर्यंत वागवितो. जनरल रजिस्टरमध्ये मात्र त्याची नोंद कोठेही नसते.

४. सोलापूरचे १९२५ चे वसतिगृह

निवासी शिक्षणाचा वारसा कसा टिकतो आणि कसा निसटतो, हे समजण्यासाठी आपल्याच शहराचे एक उदाहरण घेऊ. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली. सभेच्या पहिल्या ठोस कामांपैकी एक म्हणजे ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात सुरू झालेले विद्यार्थी वसतिगृह. जिवाप्पा ऐदाळे यांनी ते सांभाळले आणि सोलापूर नगरपालिकेने त्यास अनुदान दिले. सभेच्या प्रेरणेने विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिकही चालविले.

त्या वसतिगृहाला आता शंभर वर्षे होऊन गेली. चरित्रग्रंथांत त्याचे उल्लेख आहेत, तारीख आहे, चालकाचे नाव आहे. परंतु त्या मुलांचा दिवस कसा उगवत असे, पहिल्या रात्री कोण रडले, कोणी कोणाला गणित समजावले, याचे उत्तर सामान्य वाचकाला सहजी सापडत नाही. लिहिता-वाचता येणाऱ्या, मासिक काढणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जीवनाची ही स्थिती. मग ज्यांची भाषा कागदावर उतरतच नाही, त्यांच्या वसतिगृहातील जीवनाचे काय राहत असेल? एक पिढी गेली की भाषेचा एक थर जातो, आणि तो पुन्हा उकरून काढावयास जमिनीखाली काहीही उरलेले नसते.

५. वारसा का निसटतो आहे

कारणे अनेक आहेत आणि ती सर्वच वाईट नाहीत. नवजात बालकांची श्रवणतपासणी होऊ लागली आहे. लहान वयात कॉक्लियर इम्प्लांटची शस्त्रक्रिया आणि उत्तम श्रवणयंत्रे मिळू लागली आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर आणि समावेशक शिक्षणाच्या धोरणानंतर अनेक मुले घराजवळच्या सर्वसाधारण शाळेत जातात. आईजवळ राहून शिकता येणे हा मुलाचा अधिकार आहे; वारसा टिकावा म्हणून एकाही मुलाला वसतिगृहात ठेवावे, असे आम्ही म्हणणार नाही.

तथापि परिणाम दिसतो. जेथे विशेष शाळेतील पट घटतो, तेथे मोठ्या मुलांकडून लहानांकडे जाणारी साखळी तुटते. सर्वसाधारण शाळेत एकटे पडलेले कर्णबधिर मूल फळ्यावरचे उतरवून घेते, पण त्याच्याशी त्याच्या भाषेत भांडणारा मित्र त्याला मिळत नाही. दुसरीकडे भारतीय सांकेतिक भाषेचे प्रमाणीकरण सुरू आहे. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याने २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा कोश प्रसिद्ध केला आणि २०२१ मधील तिसऱ्या आवृत्तीत तो दहा हजार शब्दांपर्यंत नेला. हे काम अत्यावश्यक आहे, कारण त्यावाचून पाठ्यपुस्तके व दुभाषी मिळणार नाहीत. पण प्रमाण मराठीच्या पाठोपाठ बोलींची जी गत झाली, ती शाळाशाळांतील जुन्या खुणांची होऊ नये. एखाद्या शाळेत पन्नास वर्षांपूर्वी 'बाजार', 'हुरडा' किंवा 'गड्ड्याची जत्रा' यांसाठी कोणती खूण होती, हे कोशात येईलच असे नाही.

६. जतन कसे करावे

वारसा म्हटला की आपण इमारतीचा रंग आणि संस्थापकांचा पुतळा यांकडे पाहतो. आमच्या मते येथे तीन थर आहेत आणि त्यांचे उपाय निरनिराळे आहेत.

पहिला थर कागदांचा. जनरल रजिस्टर, हजेरीपट, शेरेबुक, वसतिगृहाच्या भोजनाच्या नोंदी, कीर्द, पालकांची पत्रे आणि छायाचित्रे हे सर्व इतिहासाचे साधन आहे. रद्दी देण्यापूर्वी प्रत्येक कागद पाहावा. जुन्या कागदांचे लॅमिनेशन करू नये व त्यांना चिकटपट्टी लावू नये. दोहोंनी कागद कायमचा खराब होतो. गंजलेल्या टाचण्या काढाव्यात, दप्तरे सुती नाडीने बांधून भिंतीपासून व जमिनीपासून दूर ठेवावीत, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर वाळवी व कसर तपासावी. छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे व साल लिहावे. चेहरे ओळखणारी माणसे हयात आहेत तोवरच हे शक्य आहे. मुलांच्या वैद्यकीय व कौटुंबिक नोंदी मात्र खासगी असतात. त्या जपाव्यात, पण प्रदर्शनात मांडू नयेत.

दुसरा थर वस्तूंचा. सामूहिक श्रवणयंत्र, वाचाशिक्षणाचे आरसे, ढोल, हाताने रंगविलेले तक्ते, शिवणयंत्रे, सुतारकामाची हत्यारे या वस्तू त्या काळची शिक्षणदृष्टी सांगतात. प्रत्येक वस्तूसोबत ती कोणी, कशी वापरली हे माजी विद्यार्थ्यांकडूनच नोंदवून घ्यावे. शिक्षकाच्या दृष्टीने प्रगतीचे असलेले यंत्र विद्यार्थ्याला जाचाचे वाटले असेल, तर तेही नोंदवावे. शिक्षा, घरची ओढ, खुणा केल्याबद्दल बसलेली छडी यांना वगळून लिहिलेला इतिहास हा इतिहास नसून अहवाल होय.

तिसरा आणि सर्वांत नाजूक थर भाषेचा. तो केवळ चलचित्रातच जतन होतो. साधा मोबाइल पुरेसा आहे, पण पद्धत हवी. बोलणाऱ्याच्या डोक्यापासून कंबरेपर्यंतचा भाग चौकटीत यावा, हात चौकटीबाहेर जाऊ नयेत, पार्श्वभूमी साधी असावी आणि प्रकाश चेहऱ्यावर यावा, कारण या भाषेत चेहरा हा व्याकरणाचा भाग आहे. मुलाखत शक्यतो एका कर्णबधिर व्यक्तीने दुसऱ्या कर्णबधिर व्यक्तीची घ्यावी. ऐकू येणारा माणूस समोर बसला की खुणा सोप्या व औपचारिक होतात. दोन जुने वसतिगृहमित्र समोरासमोर बसले की खरी भाषा वाहू लागते. नंतर दुभाष्याच्या मदतीने मराठी भाषांतर करावे आणि ते सांगणाऱ्याला दाखवून दुरुस्त करून घ्यावे. फाइलीच्या नावात साल, शाळा व विषय असावा आणि प्रती तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. सुरुवात वयाने सर्वांत ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांपासून करावी.

७. अधिकार कोणाचा

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारास भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्याच्या तिसाव्या कलमात कर्णबधिरांची संस्कृती व सांकेतिक भाषा यांना मान्यता आणि आधार मिळण्याचा हक्क नमूद आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात तर दिव्यांगांच्या ऐतिहासिक अनुभवांची नोंद घेणारे संग्रहालय उभारण्याची तरतूद आहे. म्हणजे या वारशाचे जतन ही कोणाची दया नव्हे. ते कायद्याने मान्य केलेले कर्तव्य आहे.

परंतु कायद्यापेक्षा मोठा प्रश्न नियंत्रणाचा आहे. समितीत कोण असेल? काय ठेवावे, काय दाखवावे, हे कोण ठरवील? मिलानमध्ये कर्णबधिरांना बाहेर ठेवून त्यांचे हित ठरविले गेले आणि त्याची किंमत शंभरावर वर्षे मुलांनी मोजली. आपल्या समाजाला ही गोष्ट नव्याने सांगावी लागू नये. दुसऱ्यांनी लिहिलेल्या आपल्या इतिहासात आपण कसे दिसतो, हे आपण भोगले आहे. म्हणून अशा प्रत्येक समितीत माजी कर्णबधिर विद्यार्थी बहुसंख्येने असावेत. संस्थाचालक, शिक्षक आणि आमच्यासारखे इतिहासाचे अभ्यासक यांनी सहायक म्हणून बसावे. बैठकीला दुभाषी असावा आणि कार्यवृत्त सांकेतिक भाषेतही नोंदवावे.

८. वाचकांसाठी अभ्यास

दरवर्षी २३ सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन म्हणून पाळला जातो. तो निमित्त धरून पुढील प्रश्नांचा विचार घरी, विहारात किंवा माजी विद्यार्थी मेळाव्यात करावा, अशी विनंती आहे.

(१) आपल्या वस्तीत किंवा नात्यात कोणी कर्णबधिर व्यक्ती आहे काय? तिचे सांकेतिक नाव आपणांस ठाऊक आहे काय?

(२) ती व्यक्ती निवासी शाळेत शिकली असल्यास तिचे कोणते वर्गमित्र आज भेटू शकतील? त्यांची एकत्र भेट घडवून, त्यांची संमती घेऊन, तासाभराचे संभाषण चित्रित करता येईल काय?

(३) जवळच्या कर्णबधिर शाळेत जुनी रजिस्टरे, छायाचित्रे व यंत्रे कोठे ठेवली आहेत? त्यांच्या जतनासाठी कपाट, श्रम किंवा स्कॅनर यांपैकी आपण काय देऊ शकतो?

(४) आपल्या स्वतःच्या शाळेच्या वसतिगृहातील पहिल्या तुकडीच्या आठवणी आपण नोंदविल्या आहेत काय? त्यात स्वयंपाकघरातील मावश्या, पहारेकरी आणि मध्येच शाळा सोडून गेलेली मुले आहेत काय?

यांपैकी दुसरा प्रश्न तातडीचा आहे. कागद आणखी दहा वर्षे कपाटात थांबू शकेल. ज्या हातांना ही भाषा येते ते हात आता थकले आहेत, काही थरथरू लागले आहेत. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्यापैकी दहा कुटुंबांनी दहा संभाषणे चित्रित केली, तरी सोलापूरच्या शैक्षणिक इतिहासात आजवर रिकामे राहिलेले एक पान भरू लागेल. चित्रीकरणाची पद्धत शिकविण्यासाठी आम्ही कोणत्याही रविवारी उपलब्ध आहोत.